भागूबाईचा हुंदका

रिमिक्स हा शब्द बारामतीत पहिल्यांदा कोणी आणला, यावर आमच्या भिगवण रोडच्या गाळ्यांमध्ये तेव्हा रोज वाद व्हायचा. मी तिथं पिको-फॉलचं दुकान चालवायचे आणि माझ्या शेजारच्या गाळ्यात झुंबरचं कॅसेटचं दुकान होतं. मधली भिंत म्हणजे नुसती प्लायवूडची फळी. त्यामुळे वाद असो की गाणं, मला ऐकायचं आहे का, असं कोणी विचारत नसे.

कॉलेजातले इंग्रजीचे एक सर बायकोच्या साड्या घेऊन यायचे. ते सांगायचे, “रि म्हणजे पुन्हा आणि मिक्स म्हणजे कालवणं. शब्द परदेशातल्या स्टुडिओतला. तिकडे गाण्यातला गळा वेगळा, ढोल वेगळा, बाकीची वाद्यं वेगळी अशी टेपवर भरून ठेवतात. मग कोणीतरी तेच सामान पुन्हा घेतो, नव्या मापानं कालवतो आणि लोकांना नाचायला देतो.” सर बोलायला लागले की माझा फॉल लावून व्हायचा, पण त्यांचं वाक्य संपायचं नाही. इंदापूरचा भीमा बँडवाला कॅसेटी न्यायला आलेला असला की हसायचा. “सर, आमी तीन पिढ्या ह्येच करतूय. देवाची आरती वरातीत वाजवतूय आन् लोकं नाचत्यात. त्याला नाव ठिवायचं तेवढं सुचलं न्हाय.” मग झुंबर काउंटरवर थाप मारायचा. “नाव मीच आणलं. पुण्याहून आलेल्या एका कॅसेटवर वाचलं आन् दुसऱ्या दिवशी बोर्डावर रंगवलं. त्येच्या आदी बारामतीत नुसतं झंकार होतं, जुन्या गाण्याखाली ढोलकी घातल्यालं.”

शब्द कोणाचा का असेना, माल कुठून आला ते मला माहीत आहे. माल डाळजहून आला, भागूबाईच्या घशातून. डाळज माझं माहेर, त्यामुळे हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नाही.

भागूबाई म्हणजे या झुंबरची सख्खी आत्या. सासऱ्याच्या काळात त्यांच्या घरात मेंढरांचा मोठा कळप होता. नवरा आप्पा तरुणपणी मेंढरांमागं हिंडला, मग त्यानं कळप मोडला आणि धरणाच्या पाण्याकडेला ऊस लावला. भागूबाईला गावात दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक तिची जीभ, आणि दुसरं तिचं रडणं.

रडण्यात काय ओळखायचं, असं शहरातल्यांना वाटेल. आमच्याकडे मयताच्या घरी बायका अशाच रडायला लागत नाहीत. मेलेल्याची जी सगळ्यात जवळची बाई, तिनं आधी गळा काढायचा, मग बाकीच्यांनी. तोवर सगळ्या तोंडाला पदर लावून बसून राहतात. आणि एकदा रडणं सुरू झालं की तिरडी अंगणातून हलेपर्यंत ते थांबू द्यायचं नाही. थांबलं तर जाणाऱ्याला वाटतं म्हणे, की आपल्यामागं कोणी उरलंच नाही. पण ज्या बाईवर घाव पडलेला असतो तिच्या तोंडून पुष्कळदा आवाजच फुटत नाही. अशा वेळी भागूबाईला बोलावणं जायचं. ती त्या बाईच्या गळ्यात पडायची, तिच्या कानाशी सुरुवात करून द्यायची आणि मेलेल्याचं सगळं एका हेलात आणायची. त्याचे गुण आणायची, तशाच खोड्याही. एका चिक्कू म्हाताऱ्याला रडताना तिनं त्याच्या कुलूप लावलेल्या गुळाच्या डब्याला सोडलं नव्हतं, तरी ऐकणारी माणसं ओक्साबोक्शी रडली होती.

माझे वडील गंगाराम वारले तेव्हा आमच्या घरी वंदना झाली. आम्ही बौद्ध माणसं, छाती बडवून घेणं आमच्याकडे आजोबांनीच बंद केलेलं. भागूबाई आली आणि वंदना संपेपर्यंत भिंतीला टेकून गप्प उभी राहिली. माझी आई ताईबाई सकाळपासून दगडासारखी बसली होती, ना पाणी ना शब्द. वंदना संपल्यावर भागूबाई तिच्यापाशी गेली. “ताईबाय, आता जरा माजं चालू दे,” असं म्हणून तिनं सुरुवात केली, तेव्हा कुठे आई रडली. नाहीतर आईही त्या आठवड्यात गेली असती, असं मला आजही वाटतं. म्हणून पुढचं सांगताना माझी जीभ कडू होते, त्याला इलाज नाही.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात भागूबाईचा सिद्धू गेला. धरणाचं पाणी मागं हटायला लागलं की आमच्याकडे लोकांना पाण्यामागं उपशाच्या मोटारी सरकवत न्याव्या लागतात. सिद्धू एकुलता एक मुलगा, बारावी झालेला. मोटार ओढायला गाळात उतरला, वायर कुठंतरी सोललेली होती, आणि तो तिथंच चिकटला. काढला तेव्हा कमरेपर्यंत चिखल होता.

त्याची बहीण छकुली इंदापूरला सासरी होती आणि नेमकी त्याच आठवड्यात बाळंत झालेली. ओल्या बाळंतिणीनं मयताच्या घरी जायचं नाही, बाळाला बाधतं म्हणतात. तिच्या सासूनं तिला उंबरा ओलांडू दिला नाही. इकडे भाऊ आडवा आणि तिकडे बहीण खाटेवर. झुंबर त्या दिवशी कुठल्याशा लग्नाचं रेकॉर्डिंग सोडून तसाच आला होता, खांद्याला टेपरेकॉर्डर लटकवून. तो भागूबाईजवळ बसला आणि म्हणाला, “आत्या, छकुली तिकडं भिताडावर डोकं आपटत असंल. तिला तुजं रडणं तरी ऐकू दे. मी भरून घेतो आन् न्हिऊन दितो.”

मी तिथं होते. झुंबरचे डोळे लाल होते आणि त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती, हेही मला कबूल केलंच पाहिजे. भागूबाईनं मान हलवली, आणि इथंच चुकलं. रडणं आमच्याकडे कोणी कधी साठवून ठेवलेलं नाही. ते ज्याचं त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं असतं.

तिनं त्या दिवशी जे काढलं ते मी पुन्हा कधी ऐकलं नाही. “उठ की रं माज्या सिद्धूबा, मोटार तशीच चिकलात पडली. उठ की रं माज्या वासरा, भाकर तव्यावर करपली. बहीण तुजी खाटंवर, तिला कोन सांगाय जाऊ, उठ की रं...” प्रत्येक ओळीच्या शेवटी एक हुंदका यायचा. तो कधी लांब यायचा, कधी तुटायचा, कधी येता येता आतच राहायचा. टेप बाजूला फिरत होती.

ती कॅसेट इंदापूरला गेलीच नाही. लग्नसराई होती, झुंबरला सवड झाली नाही. मग पाऊस आला, मग गणपती आले. छकुलीनं दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा त्यानं “आणून देतो” म्हणून सांगितलं.

वर्ष उलटलं. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी होतं आणि झुंबरच्या डोक्यात रिमिक्स शिरलं होतं. त्याच्याकडे दोन कॅसेटींचा डेक होता. एका बाजूला वाजवायचं, दुसऱ्या बाजूला भरायचं, मधे पॉजचं बटण दाबून हवा तेवढाच तुकडा घ्यायचा. जुनी सिनेमाची गाणी त्यानं करून बघितली, पण तसली पुण्याहून तयार येत होतीच. त्याला असं काहीतरी हवं होतं जे दुसऱ्या कोणाकडे नाही. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, तर पीठ तरी घरचं असावं.

एक दिवस फळीपलीकडून हुंदका आला. मी सुई थांबवली. पुन्हा तोच हुंदका आला, अगदी तेवढाच. मग पुन्हा. त्यानं तो सगळ्यात मोठा हुंदका उचलला होता आणि एकामागं एक चार वेळा जोडला होता. संध्याकाळपर्यंत त्याखाली कॅसिओ पेटीचा ठोका आला. दुसऱ्या दिवशी “उठ की रं, उठ की रं” आलं. सिद्धूचं नाव कापलं, मोटार कापली, चिखल कापला, भाकर कापली, खाटेवरची बहीण कापली. उरलं ते “उठ की रं, उठ की रं” आणि चार हुंदके, आणि खाली दणदण.

मी कात्री हातात घेऊनच त्याच्या गाळ्यात गेले. “झुंबर, हा तुझ्या आत्याचा आवाज आहे.”

“व्हता, ताई,” तो म्हणाला. “आता न्हाय. रिमिक्स म्हंजे त्येच की. साखरंच्या पोत्यात कुणाचा ऊस हाय, कुनी इचारतं का?”

“तुझा मेलेला भाऊ आहे त्यात.”

“म्हणून तर सिद्धूचं नाव काढलंय. उगं कुणाचं मन दुखायला नको.” आणि हे त्यानं अगदी शहाण्या माणसासारखं सांगितलं.

“मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोयस तू.”

“तुमी पिको करा, ताई,” असं म्हणून त्यानं आवाज वाढवला.

गणपतीच्या मिरवणुकांत ते गाणं पहिल्यांदा वाजलं, आणि ऊस सुरू झाला तसं माळेगावच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर चढलं. लोणी देवकरला कारखान्यांची शिफ्ट सुटली की टपऱ्यांवर तेच. भीमा बँडवाल्यानं ते बसवलं आणि इंदापूरच्या वरातींमध्ये मागून मागून लोकांनी त्याच्या माणसांच्या गालांची हाडं वर आणली. नाचायची एक तऱ्हाच निघाली. “उठ की रं”ला खाली वाकायचं आणि हुंदक्यांना चार वेळा खांदे उडवायचे. पोरं त्याला ‘उठकीचं रिमिक्स’ म्हणायची. शब्दही असा माजला की विचारू नका. हॉटेलवाल्यानं कालचा रस्सा आजच्यात ओतला की रिमिक्स, आणि दुसरं लग्न केलेली बाई रस्त्यानं निघाली की तिच्या मागून हळूच, “रिमिक्स चाललं बघ.” सरांनी एकदा मला विचारलं, या गाण्यातला मूळ आवाज कोणाचा असेल हो, फारच अस्सल लोकसंगीत वाटतं. मी त्यांची साडी तशीच परत केली.

त्या वर्षी दिवाळीत दुकान बंद ठेवून मी डाळजला गेले होते. भागूबाईकडे छकुली आली होती. भाऊबीज होती, ओवाळायला भाऊ नव्हता, म्हणून आईबापाकडे नुसतीच बसायला आलेली. बरोबर तिची योगिनी, सिद्धूच्या मयताच्या वेळची ती बाळी. आता ती गुटगुटीत झाली होती आणि अंगणभर पळत होती. भागूबाई चुलीशी होती, आप्पा उंबऱ्याबाहेर तंबाखू मळत बसला होता. मी चहाचा कप हातात घेतला होता.

छकुलीनं पिशवीतून छोटा टेप काढला. “आई, योगी कशी नाचती बघ. त्येवढं गाणं लागलं की पोरगी घास घेती, नाहीतर तोंड उघडत न्हाय.”

मला ओरडावंसं वाटलं, पण तोवर बटण दाबलं गेलं होतं. पोर दोन्ही हात वर करून वाकली आणि हुंदक्यांना बरोबर चार वेळा तिचे इवलेसे खांदे उडले. छकुली टाळ्या वाजवत होती. तिला आवाज ओळखू आला नाही, आणि त्यात तिचा दोष नव्हता. मयताच्या घरून लहान पोरांना लांब नेऊन ठेवतात. छकुली लहानपणी तशीच लांब राहिली आणि मग सासरी गेली; आपली आई कशी रडते, हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

भागूबाईचा हात चुलीवर तसाच राहिला. “बंद कर,” ती म्हणाली.

“का गं? सगळं इंदापूर नाचतंय ह्यावर.”

“त्यो माजा हुंदका हाय. सिद्धूसाठी काडल्याला. तुज्यासाठीच भरला व्हता झुंबऱ्यानं.”

छकुली आधी हसली. मग तिनं आईच्या तोंडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि टेप बंद केला. मग ती हळूच म्हणाली, “आई, मी गणपतीच्या मिरवणुकीत ह्यावर नाचले गं.” आप्पा बाहेरून उठला आणि उसाकडं निघून गेला. योगिनीनं गाण्यासाठी भोकाड पसरलं ते संध्याकाळपर्यंत.

आता कोणाला वाटेल, छकुलीनं ती कॅसेट चुलीत घातली असेल. तसं काही झालं नाही. इंदापूरला परत गेल्यावर पोर जेवेना. दोन दिवस छकुलीनं सोसलं, तिसऱ्या दिवशी लावलं. “हे आपल्या आजीचं गाणं हाय,” असं सांगून ती पोरीला भरवायची. मनाची समजूत असते, दुसरं काय. पुढं पुढं तिला त्याचं काही वाटेनासं झालं.

भागूबाई मात्र एस्टीनं बारामतीला आली. आधी माझ्याकडे येऊन पाणी प्यायली, मग शेजारी गेली. मीही मागोमाग गेले. झुंबर उठून उभा राहिला, पाया पडला, चहा सांगितला. आत्याचा मान त्यानं कधी चुकवला नाही.

“मला नवं कायबी नको,” भागूबाई म्हणाली. “म्या रडल्याली ती पयली कॅसेट दे. छकुलीला ऐकवायची हाय.”

“ती कुठली आता, आत्या. तिच्यावरच हे नवं भरलं. चांगल्यातली कॅसेट होती, वाया कशाला घालवायची?”

भागूबाई स्टुलावर बसली. तिला समजायला वेळ लागला. सिद्धूचं नाव घेऊन ती जे रडली होती ते आता कुठंच नव्हतं. उरलं होतं ते फक्त नाचायचं.

“पुन्यांदा रड की,” झुंबर म्हणाला. त्याला खरंच उपाय सुचल्यासारखं वाटलं होतं. “आत्ता भरून दितो. तुला काय, तू कुणासाठीबी रडतीस.”

“सिद्धू येकदाच मेला रं, झुंबऱ्या.”

“मग म्या काय करू? विकायचं थांबवलं तरी भीमाकडं हाय, ट्रॅक्टरवाल्यांकडं हाय, कुणाकुणाच्या दारात जाशील?” आणि यात तो खोटं बोलत नव्हता. तेवढ्यात काउंटरवरच्या एका गिऱ्हाइकानं वळून बघितलं. चांगला पांढऱ्या कपड्यांतला, गळ्यात चेन असलेला माणूस. “म्हंजे त्यो आवाज ह्या म्हातारीचा व्हय? आज्जे, म्हणून दाखीव की जरा!” झुंबर हसला. त्याला वाटलं, आत्याचं कौतुकच होतंय. भागूबाई चहा न घेता उठली.

त्या हिवाळ्यात डाळजला धोंडाबाई वारली, ऐंशीच्या घरातली म्हातारी. तिची सून सारजा सुन्न बसली होती, म्हणून रीतीप्रमाणे भागूबाईला बोलावणं गेलं. भागूबाईनं सारजाच्या गळ्यात हात टाकला आणि हेल काढला. पहिला हुंदका आला तशी अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या तरण्या पोरांत खसखस पिकली. दुसऱ्याला एकाचे खांदे उडाले. मग बायकांतही एकदोघींनी पदरात तोंड खुपसलं, आणि ते काही रडायला नव्हे. सारजानं भागूबाईचा हात आपल्या गळ्यातून काढला. “आत्या, तुमी नगा रडू. लोकं हसत्यात. आमच्या मयताची शोभा व्हती.”

त्यानंतर भागूबाईला कोणी बोलावलं नाही. जिच्यावाचून डाळजमध्ये माणूस नीट मरत नव्हता, तिला आता मयताच्या घरी मागच्या बाजूला, चुलीपाशी बसवायला लागले.

आप्पा हे सगळं बघत होता. तो फार बोलणारा माणूस नव्हता. माहेरी आले असताना एका सकाळी मी त्यांच्याकडे भागूबाईच्या पोलक्याचं माप घ्यायला गेले होते, तेव्हा तो माझ्यासमोरच बायकोला म्हणाला, “मेंढरामागं कोकणात उतरल्यालो, तवा माजा चुलता वाटंत मेला. आमी दगडं रचली आन् पुढं चाललो. मेंढरं काय थांबत न्हाईत. संगं रडाय एक बाई नव्हती. त्येचं त्वांड मला अजून दिसतं. मला बाकी काय नको, पर मला तसं धाडू नगंस.”

“तुमच्या येळंला कोन हसतंय ती बगतेच की मी,” भागूबाई म्हणाली.

तो बाहेर गेल्यावर मात्र तिनं माझा हात धरला. “पोरी, म्या पाण्याकडंला जाऊन बगितलं. कुनी नसताना रडून बगितलं. आवाज फुटतच न्हाय. आन् फुटला तर त्यो ट्रॅक्टरवरचाच फुटतो. चार ठोके घेऊनच येतो मेला. त्येला नीट कसं करू?” मी शिवणकाम करणारी बाई. उसवलेलं पुन्हा शिवता येतं, पण याला कुठं टाका घालायचा ते मला कळेना. होईल ठीक, असं काहीतरी बोलले.

अठ्ठ्याण्णवच्या कार्तिकात आप्पा उसाला पाणी देताना छाती धरून बसला आणि तिथंच गेला. मला निरोप मिळाला तशी मी पहिल्या गाडीनं निघाले. पोहोचले तेव्हा आप्पाला अंगणात ठेवलेलं होतं आणि बायका गोल बसलेल्या होत्या. छकुली आली होती, मांडीवर योगिनी; पोर तिला सोडून कुठं राहत नव्हती. झुंबरही आला होता, पुरुषांत उभा होता आणि खरंच दुःखी दिसत होता. सगळ्यांच्या तोंडाला पदर होते आणि कोणी रडत नव्हतं. सगळ्या भागूबाईची वाट बघत होत्या.

ती आप्पाच्या उशाशी बसली होती. तिनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मला वाटलं, आता येणार नाही, आणि न आलेलंच बरं. पण तिनं जोर केला. आप्पाला दिलेला शब्द तिला पाळायचा होता.

“उठा की वो...” आवाज तोच होता, तसाच भरलेला. बायकांनी सुटकेचा श्वास घेतला आणि रडायला माना खाली घातल्या. मग हुंदका आला. त्यामागं दुसरा, तेवढाच. तिसरा. चौथा. चारही सारखे, मापून कापल्यासारखे. भागूबाईनं तोंडावर हात दाबला. तिला ऐकू आलं होतं. तिनं हात काढला आणि दुसरी ओळ धरायला बघितली. “उसाचं पानी तसंच...” आणि पुन्हा चार.

पुरुषांमध्ये कोणीतरी खोकल्याचं निमित्त केलं. आणि योगिनी आईच्या मांडीवरून घसरली. “आजीचं गाणं! आजीचं गाणं!” असं ओरडत ती आप्पाच्या पायाशी जाऊन उभी राहिली, वाकली आणि तिनं खांदे उडवले. चांगला ताल धरून नाचली पोर. वर्षभर ती त्यावरच जेवली होती.

हसू आलं लोकांना. दाबलेलं, पण आलं. मी हसणारी तोंडं बघून ठेवली आहेत.

छकुलीनं धावत जाऊन पोरीच्या थोबाडीत मारली. अशी मारली की पोर आडवी पडली, क्षणभर तिचा श्वास अडकला, आणि मग तिनं जो टाहो फोडला तो वाडीपर्यंत गेला असेल. आणि त्या टाहोबरोबर सगळ्या बायका सुटल्या. कोणीतरी सुरू करायची खोटी होती. नात म्हणजे घरचीच, रक्ताचीच. तिनं गळा काढला, आता चालेल. सगळं अंगण रडायला लागलं, छकुली ऊर बडवायला लागली, बाजूला उभा असलेला झुंबर लहान पोरासारखा रडला. एकटी भागूबाई गप्प होती.

तिनं योगिनीला ओढून मांडीवर घेतलं आणि पदराखाली धरलं. बायकांना वाटलं, आजी नातीला समजावतेय. मलाही तेच वाटलं. मी त्या दोघींच्या अगदी शेजारी बसले होते.

पुरुषांचं तिरडीचं आवरत नव्हतं. सुतळी कमी पडली म्हणून कोणाला तरी दुकानात पिटाळलं होतं. पोर रडून रडून दमली, तिचं रडणं मुसमुसण्यावर आलं, आणि तिच्याबरोबर बायकांचंही ओसरायला लागलं. एक एक आवाज बंद पडत चालला. तेवढ्यात पोर एकदम किंचाळली आणि बायका पुन्हा लागल्या. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या वेळी पदर जरा सरकला आणि मला दिसलं. भागूबाईनं पोरीच्या मांडीचं मांस दोन नखांत धरलं होतं आणि ती ते पिळत होती. जिथं धरलं होतं तिथं आधीच काळंनिळं झालेलं होतं.

मी तिचा हात धरला. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती आप्पाच्या तोंडाकडं बघत होती.

“रड, बाय माजी,” ती नातीच्या कानाशी हळूच म्हणाली. “अजून त्येनला उचलल्यालं न्हाय.” आणि माझा हात झटकून तिनं बोटं पुन्हा वळवली.